विनूकाकांच्या हिशेबात न बसलेलं घर

विनूकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी काउंटीच्या मूल्यांकन कचेरीत, हातात टोकन घेऊन, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलो होतो. आमच्या घराच्या सुनावणीला मला तिथे पाठवलं होतं तेही काकांनीच. टेक्ससमध्ये दर वसंतात काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्याचं, पत्र येतं : तुमच्या घराची किंमत आम्ही इतकी धरली आहे, तिच्यावर यंदा प्रॉपर्टी टॅक्स लागेल, पटत नसेल तर येऊन भांडा. बाकीचे लोक हे पत्र बघून सुस्कारा टाकतात आणि चेक फाडतात. काकांना मात्र ते लग्नाच्या आमंत्रणासारखं वाटायचं. आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलात, नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली असतानाही त्यांची चौकशी हीच. "उद्या सुनावणीला जाशील ना?" मी म्हटलं, "काका, उद्या तुमची अँजिओग्राफी आहे." त्यावर म्हणाले, "ते डॉक्टर पाहून घेईल. तू तुझं काम कर. आणि नुसती मान डोलवून येऊ नकोस, बाप्पा! छताचे फोटो ने." मी फोटो नेले होते. मोबाइल वाजला, पलीकडे माझी बायको सुजाता. "मिलिंद, ये," एवढंच म्हणाली. त्याच वेळी स्पीकरवर माझा नंबर पुकारला गेला. मी उठून उभा राहिलो आणि क्षणभर कुठल्या दाराकडे जायचं तेच कळेना... खरं सांगायचं तर पहिला विचार मनात आला तो हाच, की सुनावणी सोडून आलो म्हणून काका रागावतील.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. विनायकराव मूळचे नागपूरचे. रिफायनरीसाठी लागणारी यंत्रं डिझाइन करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावर ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आपल्या जुन्या विटांच्या घरात ते एकटे राहत होते. शोभाकाकू वारल्या होत्या. मुलगी अमृता न्यू जर्सीत. ती सारखी म्हणायची, "बाबा, इकडे या." त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं : "तुझ्या काउंटीचा टॅक्स ऐकूनच माझं बीपी वाढतं, तिथे राहून काय होईल?" पासष्टी उलटल्यावर त्यांच्या घराच्या टॅक्समधला शाळांचा हिस्सा कायद्यानुसार गोठला होता. "सरकारला माझं वय गोठवता आलं नाही, टॅक्स तेवढा गोठवला," असं ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे. ह्यूस्टनच्या आसपास नव्याने येणारं बहुतेक प्रत्येक मराठी कुटुंब घर घेण्यापूर्वी एकदा तरी त्यांच्या डायनिंग टेबलाशी बसून गेलेलं होतं. आम्ही बसलो ते उठलोच नाही, एवढाच फरक.

आमची ओळख झाली ती माझ्या अडाणीपणामुळे. २००३ साली आम्ही दूर वायव्येच्या बॉथेल गावाहून इकडे आलो. तिकडच्या कंपनीने कपात केली होती, इथे तेलविहिरींसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली. पगार थोडा कमी, पण घरं केवढी स्वस्त! बॉथेलला ज्या पैशात जेमतेम दोन खोल्या आल्या असत्या, त्यात इथे जिना, दोन गाड्यांचं गॅरेज आणि बाथटबमध्ये पोहता येईल अशी न्हाणीघरं. मी हरखलो. एजंटबाई म्हणाल्या, प्रॉपर्टी टॅक्स तीन टक्क्यांच्या आसपास पडेल. मी पुण्याचा माणूस. माझ्या डोक्यात घराशी संबंधित टक्के म्हणजे स्टॅम्प ड्यूटी, ती एकदा भरली की सुटलो. त्यानंतर वर्षाला येते ती घरपट्टी, जिच्याबद्दल कुरकुर करायची एवढाच काय तो खर्च. तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, पुरुषमंडळी जिथे भजी खात उभी असतात त्या कोपऱ्यात, मी छाती फुगवून सांगितलं, "पुण्यापेक्षा इथे बरं. तीन टक्के एकदा दिले की झालं." मग एका पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांना ठसका लागला. ठसका ओसरल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दरवर्षी, बाप्पा! दरवर्षी! जगात आहेस तोवर!" मी विचारलं, "कर्ज फिटल्यावरही?" "कर्ज फिटल्यावर तर जास्त टोचतो. उद्या सकाळी घरी ये. बायकोला घेऊन ये, तुझ्यापेक्षा तिला कळेल."

दुसऱ्या दिवसापासून आमचं शिक्षण सुरू झालं. टेक्ससमध्ये कोणाच्याही घराची काउंटीने धरलेली किंमत इंटरनेटवर बघता येते, हे आम्हाला काकांनीच दाखवलं. आपल्या लोकांनी या सोयीचं सोनं केलेलं होतं. कोणाकडे जेवायला जायचं ठरलं, की आधी त्यांचं घर केवढ्याचं ते बघून ठेवायचं आणि तिथे जाऊन "अय्या, किती मोठं आहे!" म्हणायचं. काकांचा उद्देश मात्र गंभीर होता. शनिवारी ते आम्हाला आपल्या जुन्या गाडीत घालून फिरवायचे : आमची फोर्ट बेंड काउंटी, शेजारची हॅरिस, दक्षिणेची ब्रझोरिया. घराच्या आत जायला ते तयार नसत. "आत जाऊन काय पाहतेस, पोरी? किचन सगळ्यांचं सारखंच. पाणी कुठून येतं ते पाहा." नव्या वसाहतीत बिल्डरने घातलेल्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांचं कर्ज वर्षानुवर्षं रहिवाशांकडून टॅक्समधून वसूल होतं, म्हणून झगझगीत नवी घरं दिसतात स्वस्त आणि पडतात महाग. हे त्यांनी सुजाताला एका तळ्याच्या काठी उभं करून समजावलं. तिला कळलं. मला तिने घरी आल्यावर समजावलं. कोणी अंगणात गवत कापताना दिसला की काका काच खाली करून त्याला सरळ टॅक्स विचारायचे. मी लाजेने सीटखाली जायचा बाकी असायचो. आश्चर्य म्हणजे लोक सांगायचे, मशीन बंद करून, अगदी पोटतिडकीने.

आमची बाजू नाजूक होती. पगार एकच. सुजाताला डिपेंडंट व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती, ग्रीन कार्डाचा पत्ता नव्हता, आणि नोकरी किती भरवशाची असते ते आम्ही नुकतंच बघून आलो होतो. घर चुकीचं निवडलं असतं तर पुढच्या कपातीत ते हातातून जायला वेळ लागला नसता. काका हे जाणून होते. त्यामुळे पाकिटांच्या पाठीवर त्यांनी आमच्यासाठी जे आकडे मांडले त्यात कुठेही सूट नव्हती : माझा पगार, घराची किंमत, टॅक्स, विमा, ऑफिसला जायचं पेट्रोल. अभ्यासाअंती निकाल लागला तो ब्रझोरियाचा. तिथल्या एका वसाहतीत पाइपांचं कर्ज फिटत आलं होतं, घर बरं होतं आणि माझं ऑफिसही तिकडून जवळ. काकांच्या घरापासून मात्र ते लांब, येऊन-जाऊन अर्धा दिवस मोडेल इतकं.

मधल्या काळात सुजाताच्या एक गोष्ट लक्षात आली होती. आम्ही उठायला लागलो की काकांना एखादी नवी काउंटी आठवायची. "थांबा, वॉलरचं सांगायचंच राहिलं." वॉलर काउंटीशी आमचा काय संबंध? पण पुन्हा चहा व्हायचा. आमची रेवा तेव्हा सहा वर्षांची. तिच्यासाठी त्यांनी टीव्हीवर कार्टूनचे चॅनल घेतले होते, आणि ती भरभर इंग्रजीत काय बोलते ते नीट कळत नसलं तरी "हो का? मग?" करत बसायचे. अशातच त्यांच्या घरापासून दोन घरं सोडून पाटी लागली : विकणे आहे. गाडीतून जाताना आम्ही ती पाहिली. सगळ्या काउंट्या पालथ्या घालणारा हा माणूस आपल्या गल्लीतल्या घराबद्दल मात्र चकार शब्द बोलेना. शेवटी सुजातानेच विषय काढला. काकांनी एक पाकीट पुढे सरकवलं. त्या घराचाही हिशेब त्यांनी करून ठेवला होता. गल्ली जुनी, टॅक्सचा दर कमी, पण घराची किंमत जास्त, खोल्या लहान, छप्पर म्हातारं, ऑफिस लांब. खाली रेघ मारून लिहिलं होतं : नको.

"काका," सुजाता म्हणाली, "आम्ही इथे आलेलं तुम्हाला नकोय का?"

"नको कशाला होईल?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पण मला काय हवं ते मी तुमच्या हिशेबात नाही ना घालू शकत. महिन्याला पैसे तुम्ही भरणार."

"बरं. मग मला काय हवं ते घाला. मला अजून गाडी येत नाही. हा सकाळी जातो तो संध्याकाळी येतो. दिवसभर मी कुणाशी बोलायचं, त्याचा टॅक्स किती धरलात?"

काकांनी पेन उचललं, पाकिटावर धरलं, पुन्हा खाली ठेवलं. "ते मला लावता येत नाही," म्हणाले.

"मग तुमचं गणित अपुरं आहे."

इंजिनियर माणसाला असं बोलू नये. काका खरोखर चिडले. "भावनेवर घरं घेऊन राहिले हे लोक! उद्या नोकरी गेली तर मी काय तोंड दाखवू तुमच्या घरच्यांना?" एवढं बोलून त्यांनी आम्हाला चहाही न देता वाटेला लावलं. बरेच दिवस फोन नाही. मी घाबरलेला, कारण आकडे त्यांच्या बाजूने होते आणि निर्णय बायकोने घेतलेला. अशा वेळी मी कुठे उभा असतो ते वाचकांना सांगायला नको. आणि मग एका सकाळी आमच्या भाड्याच्या घराची बेल वाजली. दारात काका, काखेत छपराच्या दुरुस्तीच्या खर्चाची कागदपत्रं. "मूर्खपणा करायचाच आहे तर निदान भाव पाडून करा," म्हणाले. सोफ्यावर बसून त्यांनी मला घासाघीस कशी करायची ते इतकं शिकवलं, की घरमालक शेवटी बहुधा कंटाळून तयार झाला. आम्ही दोन घरं सोडून राहायला आलो. सामान उतरवताना काका मजुरांना सूचना देत रस्त्यात उभे होते, आणि प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की या मुलाने फार महाग घर घेतलंय. इतक्या आनंदाने कोणी कोणाची निंदा केलेली मी पाहिली नाही.

पुढची चार वर्षं ओढाताणीची गेली, हे खोटं कशाला सांगू? टॅक्सचं बिल यायचं तेव्हा आमची सुट्टी रद्द व्हायची, भारतात जाणं एकदा पुढे गेलं. काकांनी सुजाताला गाडी शिकवली. शिकवताना दोघांची भांडणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायची. गेल्या वर्षी तिला कामाची परवानगी मिळाली आणि शाळेत नोकरी लागली, तेव्हा काकांनी रात्रीच्या जेवणाला सावजी मसाल्याचा रस्सा केला. आमचे तिघांचेही डोळे आणि नाक वाहत होतं, त्यामुळे कोण कशाने रडतंय ते कळायला मार्ग नव्हता.

आता काका नाहीत. अमृता येऊन गेली, काकांचं घर विकायला काढलं आहे. मी सुनावणी सोडून आल्यामुळे आमच्या घराची काउंटीने धरलेली किंमत तशीच राहणार, आणि वर्षअखेरीस तिच्यावरचं बिल येणार. मागच्या रविवारी सुजाता म्हणाली, "एकदा हिशेब करून तर बघ. ज्याच्यासाठी इथे राहिलो ते..." तिने वाक्य पुरं केलं नाही. मी टेबलाशी पाकिटं घेऊन बसलो. दोन पगार, टॅक्स, विमा, पेट्रोल, जे आता केवढं महाग झालंय. तिन्ही काउंट्या. काकांनी शिकवल्याप्रमाणे कुठेही सूट न देता. उत्तर आलं : जा. तिला सांगितलं तर ती नुसती "हं" म्हणाली आणि भांडी लावत राहिली. घर घ्यायचं कारण गेलं होतं आणि टॅक्स राहिला होता.

संध्याकाळी मी फिरायला बाहेर पडलो. ऊन उतरलं की काका आणि मी रोज गल्लीला एक लांबलचक वळसा घालायचो. ते पुढे, मी अर्धं पाऊल मागे, आणि थांबे त्यांच्या मर्जीने. ते गेल्यापासून मी त्या वाटेने गेलो नव्हतो. टोकाच्या घरातला म्हातारा गोरा गृहस्थ झाडांना पाणी घालत होता. त्याने मला पाहून नळी बाजूला धरली. "आज एकटाच?" त्याने विचारलं. "तुझे वडील कुठे आहेत? त्यांनी सांगितलं तसं मी भांडलो. काउंटीने किंमत कमी केली माझी. त्यांना सांगायचं होतं."

मी सांगितलं. त्याने टोपी काढली. नळीतून पाणी गवतावर वाहत राहिलं. "तुझ्या वडिलांचं ऐकून वाईट वाटलं," तो म्हणाला. मग टोपी हातात धरून, "तुझ्याबद्दल फार बोलायचे. माझा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणायचे. बायकोचं ऐकून महागडं घर घेतलं म्हणायचे..."

आकडा चुकला तर काउंटीच्या अधिकाऱ्याला उभ्या उभ्या सुधारायला लावणारा हा माणूस. चार वर्षं सगळी गल्ली आम्हाला बापलेक समजत होती, आणि त्यांनी ती चूक कोणाकडेही दुरुस्त केली नव्हती.

मीही केली नाही. आभार मानले, आणि उरलेला वळसा पुरा करून घरी आलो. सुजाताने दार उघडत विचारलं, "इतका वेळ?" मी म्हटलं, "टोकाच्या म्हाताऱ्याची किंमत कमी झाली. माझ्या वडिलांना सांगायचं होतं त्याला." तिने माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मग टेबलावरची पाकिटं उचलून फ्रीजच्या वर टाकून दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीही चप्पल घालून बरोबर निघाली. मी आपला सवयीने अर्धं पाऊल मागेच चालत होतो.