दुसरा शेंडा

एल्डन स्प्राग वर्षाला मासे धरायच्या नऊ काठ्या करायचा. दहावी कधी झाली नाही. एका काठीला साठ तास लागतात, आणि मध्ये कॉफी प्यायला थांबलेला वेळ त्यात धरायचा नाही, असं त्याला गस केसलरनं शिकवलं होतं. चीनहून आलेला बांबू चिरायचा, सहा कामट्या काढायच्या, पोलादी साच्यात ठेवून रंध्यानं तासत तासत त्या तिकोनी करायच्या आणि सरसानं जोडून एकजीव करायच्या. टोकाकडे त्या सहाही मिळून काडेपेटीतल्या काडीहून जाड राहत नाहीत. तेवढ्या जाडीनं हातभर ट्राऊट मासा पाण्यातून ओढून आणायचा.

बांबू गाठीपाशी कमजोर असतो. म्हणून शेजारच्या दोन कामट्यांच्या गाठी एका जागी येऊ द्यायच्या नाहीत, मागेपुढे सरकवायच्या. चुकून शेजारी आल्याच, तर गस बोलायचा नाही. शेंडा गुडघ्यावर घेऊन कटकन मोडायचा आणि शेगडीत टाकायचा. "उद्या लवकर ये," एवढंच म्हणायचा.

खाली बुडखा, वर शेंडा, अशी काठी दोन तुकड्यांची. पण शेंडे दोन द्यायची चाल आहे. नाजूक भाग, एक मोडला तर दुसरा हाताशी असावा म्हणून.

मोठ्या पुरात गावच्या केटल ओढ्याच्या काठची झाडं वाहून गेली आणि नंतर रस्तेखात्यानं बुलडोझर घालून ओढा सरळ केला. पाणी उथळ झालं, तापू लागलं. ऑगस्टमध्ये ट्राऊट पांढरी पोटं वर करून तरंगू लागले. तेव्हा गावातल्या लोकांनी मंडळ काढलं. दगड टाकायचे, ओंडके काठात रुतवायचे, सावलीसाठी वाळुंज झाडाच्या काड्या रोवायच्या. त्याच्या खर्चासाठी दर एप्रिलला आगीच्या बंबांच्या शेडमध्ये पॅनकेकची न्याहारी आणि सोडत. सोडतीचं बक्षीस म्हणजे एल्डनची काठी. आठ वर्षं त्यानं ती फुकट दिली. नऊतली एक.

पहिल्या वर्षीची काठी चोख होती.

दुसऱ्या वर्षी मार्च संपत आला आणि एका शेंड्यात दोन गाठी शेजारी आल्या. नवा करायचा तर वीस तास हवे होते. एल्डननं तो शेंडा बराच वेळ बोटांत फिरवला. दोरी ओवायची कडी नेमकी त्या गाठींवर बसवली, वरून रेशमी दोरा गुंडाळला, रोगणाचे पाच हात दिले. गाठी दिसेनाशा झाल्या. सोडतीत जिंकलेली काठी लोक भिंतीवर टांगतात, वापरली तरी पहिला शेंडा वापरतात, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पहिल्या शेंड्यावर एक रेघ, दुसऱ्यावर दोन रेघा काढल्या आणि बुडख्यावर शाईनं आपलं नाव लिहिलं.

त्यानंतर बिघडलेले शेंडे तो शेगडीत टाकेना. एप्रिलसाठी बाजूला ठेवू लागला. गिऱ्हाइकाच्या काठीत मात्र तसला शेंडा एकदाही गेला नाही. ही गोष्ट त्याला जास्त टोचायची.

न्याहारीला लोक टाळ्या वाजवायचे, तेव्हा तो बुटांकडे बघायचा. "बघा, लाजतोय म्हातारा!" कुणीतरी ओरडायचं. ओढ्यावर इतर जण शंभर वाळुंज रोवत, तर हा दोनशे रोवायचा. गुडघे सुजायचे. हलकं काही वाटायचं नाही.

या वर्षी काठी विनी डेकरला लागली. विनीनं तीस वर्षं गावाचा बर्फ काढायचा ट्रक चालवला होता. ओढ्यात मांडीभर पाण्यात उभं राहून तिनं जेवढे दगड बसवले, तेवढे मंडळात कुणी बसवले नसतील. सोडतीच्या चिठ्ठ्याही तीच विकायची. स्वतः एकच घ्यायची.

"भिंतीवर टांगशील ना?" एल्डननं विचारलं.

"भिंतीवर? भिंतीत मासे आहेत का रे?" विनी म्हणाली. "उद्यापासून शिकणार मी. या वयात. हसायचं तर आत्ताच हसून घे."

'दे, रोगणाचा एक हात राहिलाय,' असं म्हणून काठी परत मागून घ्यावी, असं त्याच्या मनात आलं. शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या ताटात पॅनकेक वाढला.

मेभर पुलावरून जाताना ती दिसायची. दोरी झाडात अडकवत होती, शिव्या देत होती, पुन्हा टाकत होती. तो हात करायचा आणि पुढे जायचा. या आठवड्यात सांगू, म्हणायचा.

जूनमध्ये एका दुपारी ती त्याच्या कारखान्यात आली. हातात टॉवेलची गुंडाळी आणि मेपलच्या पाकाची बाटली. झाडाचा चाळीस बादल्या रस आटवावा तेव्हा एक बादली पाक होतो, आणि विनी तो स्वतः आटवायची. बाटली तिनं त्याच्या कामाच्या टेबलावर ठेवली.

"आधी हे घे. मग शिव्या दे."

तिनं टॉवेल उलगडला. शेंडा मोडला होता. रेशमी दोऱ्याच्या आतच. खाली दोन रेघा.

"मोठा होता," ती म्हणाली. "मी नवीन बसवलेल्या दगडामागून आला. मी घाईनं हिसका मारला. एल्डन, चूक माझी आहे. तू साठ तास घालवलेस आणि मी सहा आठवड्यांत वाट लावली."

"दुसरा का लावलास?" त्यानं विचारलं. "पहिला होता की."

"पहिला चांगल्या दिवसासाठी ठेवलाय. शिकाऊ हाताला दुसराच बरा, म्हटलं. दोन रात्री झोप नाही मला."

एल्डन बाकावर बसला. तिचा माफीनामा तसाच घेऊन टाकणं सोपं होतं. 'होतं असं, नवा करून देतो,' म्हटलं असतं तर ती त्याला देवमाणूस म्हणत घरी गेली असती. त्यानं सुरी घेतली, मोडक्या शेंड्यावरचा दोरा कापून काढला आणि तुकडा तिच्यासमोर धरला.

"या दोन गाठी बघ. शेजारी आल्यात. येऊ द्यायच्या नसतात. मला माहीत होतं. मी त्या झाकल्या."

विनीनं चष्मा लावला. बघितलं. चष्मा काढला.

"म्हणजे माझ्या हिसक्यानं नाही?"

"तुझ्या हिसक्यानं चांगला शेंडा मोडला नसता."

मग बाटली उचलून तिनं आपल्या बाजूला ठेवली.

"वाळुंजाची काडी वाळलेली निघाली तर मी टाकून देते," ती म्हणाली. "दुसरी तोडायला परत डोंगर चढते. कुणी बघत नसतं तिथं. आणि तू, जगाला काठ्या विकणारा, आम्हाला उकिरड्यावरचं दिलंस?"

"हो."

"फक्त मला?"

"पहिली काठी सोडून सगळ्यांना."

"म्हणजे आणखी सहा. चिठ्ठ्या मी विकल्यात, सहाही नावं पाठ आहेत मला. उचल फोन."

"आत्ता?"

"मग काय, पुढच्या पॅनकेकला?"

ती नाव सांगायची, तो आकडे फिरवायचा. शाळेची बस चालवणारा रोलंड टीड हसला. "दुसरा शेंडा? अरे, तो मी पिशवीतून काढलाच नाही कधी! राहू दे की, चालतंय."

"चालत नाही," एल्डन म्हणाला. "परत आण."

एकानं फोन आपटला. एकीनं विचारलं, "पण टाळ्या तर तू घेतल्यास ना?" दोघांनी समजून घेतलं, आणि ते त्याला सगळ्यांत जड गेलं.

सहावा ऑटिस मेरो. फोन त्याच्या बायकोनं घेतला. ऑटिस जानेवारीत गेला, ती म्हणाली, तुम्हाला कळलं नसेल. काठी त्याच्याबरोबर शवपेटीत ठेवली. दोन्ही शेंडे ठेवले, तसंच सांगून गेला होता तो. "फार जपायचा हो. पाहुण्यांना हातसुद्धा लावू द्यायचा नाही."

एल्डननं तोंड उघडलं. मग म्हणाला, "ठेवलीत ते बरं केलंत." आणि फोन खाली ठेवला.

"हिला नाही सांगितलंस," विनी म्हणाली.

"नाही."

"का?"

"तिला काय करून देऊ मी?"

विनी खिडकीतून ओढ्याकडे बघत राहिली. "माझा शेंडा कधी?" तिनं विचारलं.

"वीस तास."

"तासाचं नको सांगू. दिवस सांग."

"गुरुवार."

ती गेल्यावर त्यानं दोन गिऱ्हाइकांना पत्र लिहिलं, की तुमची काठी या वर्षी होणार नाही. मग मांडणीवरून एक बांबू उतरवला. उजेड अजून होता. सहा शेंडे करायचे होते. ऑटिसच्या सातव्याचं काय करायचं, ते त्याला सुचत नव्हतं.