भीमेकाठी सहा वर्षं

मणेरीकर अण्णा जिन्यात भेटले की आम्ही आधी विचारायचो, "अण्णा, मी आहे ना अजून?"

अण्णा हातातली पिशवी खाली ठेवून खरंच आठवायचे. "तुम्ही आहात. जखमी आहात, पण आहात. बी विंगमधले शहा मात्र काल गेले."

शहांनी सकाळी पाण्याची मोटर उशिरा लावली होती. संध्याकाळी ते स्वतः जिलेबी घेऊन अण्णांकडे गेले, तेव्हा कुठे छातीतला भाला मांडीपर्यंत सरकला आणि शहा वाचले. अण्णा ऐतिहासिक कादंबरी लिहीत होते आणि तिच्यातलं सगळं सैन्य त्यांनी भाईंदर पूर्वेतल्या आमच्या इमारतीच्या दोन विंगांमधून भरती केलं होतं. कादंबरीत नावं वेगळी असत, पण शहांचं पोट तेच होतं.

विषय होता खेडची लढाई. छत्रपतींच्या गादीसाठी मराठ्यांचं आपापसात युद्ध पेटलं, एका बाजूला राज्य सांभाळणारी राणी, दुसऱ्या बाजूला मोगलांच्या कैदेतून सुटून आलेला तिचा पुतण्या. ऐन लढाईत राणीचा सेनापतीच पुतण्याला जाऊन मिळाला आणि निकाल लागला. एवढं शाळेच्या पुस्तकातही आहे. अण्णांच्या कादंबरीत मात्र दोन्ही फौजा भीमेच्या काठावर येऊन उभ्या राहिल्या, त्या सहा वर्षं उभ्याच. तेवढ्या काळात अण्णांनी घोड्यांच्या चंदीवर एक प्रकरण लिहिलं, तंबूच्या खुंट्यांवर दोन. घोडी म्हातारी झाली असतील, असं मी एकदा म्हणालो, तर लगेच जखमी झालो.

"घाई करायला ही काय जावक टपाल आहे?" अण्णा म्हणायचे. एका सरकारी खात्यात त्यांचा सगळा जन्म जावक टपालातच गेला होता.

खरं कारण त्यांनी मला एकट्याला सांगितलं. त्यांच्या घरी अंबूकाकू होत्या, ऐंशी पार केलेल्या. अण्णा लहानपणीच पोरके झाले, ते या काकूंनी रत्नागिरीला वाढवले. दर रविवारी सकाळी अण्णा त्यांना नवं प्रकरण वाचून दाखवायचे, आणि ऐकून झालं की काकू विचारायच्या, "आपली जिंकते ना रे?" काकूंनी राणीला कधीच आपली मानलं होतं.

"तिला कसं सांगू?" अण्णा म्हणाले. "पुतण्याच्या हातून काकू हरते, हे मी माझ्या काकूला कुठल्या तोंडाने वाचून दाखवू?" त्यांचे डोळे भरले होते. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

शेवटी अण्णांनी जाहीर केलं की लढाई डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती लिहिता येणार नाही. एका रविवारी सकाळी दोन्ही विंगा मिठागरात हजर झाल्या. मधे पाणी भरलेले मिठाचे चौकोन, त्यांतून जाणारा हातभर रुंदीचा बांध, तीच भीमा. अलीकडे ए विंग, म्हणजे राणीची फौज, आणि घडीच्या खुर्चीवर छत्री घेऊन खुद्द काकू. पलीकडे बी विंग. शस्त्रं म्हणजे पडद्यांच्या दांड्या आणि कपडे बडवायचे लाकडी धोके. मी सेनापती. अण्णांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "शिट्टी वाजली की सगळी माणसं घेऊन पलीकडे जा. कुणाला सांगू नका."

शिट्टी वाजली. मी ए विंग घेऊन बांधावर निघालो. मध्यावर पाहतो तर समोरून शहा आख्खी बी विंग घेऊन येतायत.

"अरे भाई, आप किधर?" शहांनी विचारलं.

"फितूर झालोय. तिकडे चाललोय."

"हम भी वही कर रहे हैं! अण्णाने बोला था, किसी को मत बताना!"

बांधावर दोन माणसं शेजारून जाईनात. "जरा साइड द्या", "आधी तुम्ही", "नाही, पहले आप" असं सुरू झालं, आणि सौजन्याच्या भरात नऊ माणसं खाऱ्या पाण्यात गेली. मिठागरातला मुकादम ओरडत धावत आला, "बांध फोडाल ना! लढायला दुसरी जागा न्हाय काय?" उरलेल्या फौजा एकमेकींना धरून कशाबशा पार झाल्या. काकूंकडे पुन्हा जवळजवळ तेवढीच माणसं जमली.

काकू हसून हसून खोकत होत्या. मग म्हणाल्या, "बाळ्या, इकडे ये. दोघांनाही तूच सांगितलंस ना?"

अण्णा खाऱ्या चिखलातून तसेच खुर्चीपाशी आले.

"अरे मेल्या, मी शाळेत गेल्येय. हरते ती. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला."

"मग दर रविवारी विचारायचीस का?"

"लढाई संपली असती, तर रविवारी दोन तास माझ्यापाशी कोण बसलं असतं?" काकूंनी पदराने अण्णांच्या पायांवरचं मीठ झाडलं. "आता लिहून टाक. मला शेवट ऐकून जायचंय. फक्त हरल्यावर किल्ला सोडताना तिला पळवू नकोस. माझे गुडघे धरतात."

अण्णांनी चार रविवारांत कादंबरी संपवली. काकूंनी शेवट ऐकला, "बरं झालं" म्हणाल्या, आणि त्याच हिवाळ्यात गेल्या.

पुढे कादंबरी छापून आली. एका वर्तमानपत्रात परीक्षण आलं. त्यात लिहिलं होतं की लढाई दोन पानांत उरकली आहे आणि पराभवानंतर राणी किल्ला उतरते त्याला मात्र चाळीस पानं. वाटेत ती अकरा वेळा पालखी थांबवते, ताक पिते, पाय चेपून घेते. याला पुरावा काय, असं परीक्षकाने रागाने विचारलं होतं.

अण्णांनी ते कात्रण मला वाचायला दिलं. माझं वाचून झालं तरी ते बराच वेळ चष्मा पुसत होते.

"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "पण अजून दोनदा थांबवायला हवी होती."