माफ करायला कुरुळीला गेले, त्याची गोष्ट

धाकट्या भावाला, समूला, माफ करायला मी बुधवारी सकाळी घरून निघाले. समू आईच्या मातीला आला नाही, हे आपल्या चर्चच्या मंडळीत मी नव्यानं सांगायला नको. सहा वर्षं मी त्याच्याशी बोलले नव्हते. दर नाताळला त्याचा फोन यायचा, मी तो खुशाल वाजू द्यायची. पण चाळीस वर्षं संडेस्कूल घेतलेल्या बाईनं कधीतरी मोठं मन दाखवायला हवं. ते मन आणि किलोभर चिवडा घेऊन मी एसटीत बसले.

समूची बायको रूथ हिनं ‘चाकणच्या अलीकडे उतरा’ असं बजावलं होतं. मी मात्र पिंपरी-चिंचवड म्हणजे एकच गाव, एकच स्टँड, अशा समजुतीनं विचारत विचारत थेट निगडीला पोहोचले.

“कुरुळी?” तिथला कंडक्टर हसला. “आजी, पार उलट्या टोकाला आलात. भोसरीला जा, तिथून चाकणची गाडी धरा.”

“आजी कोणाला म्हणतोस?”

“बरं, मावशी.”

मावशी चालण्यासारखं होतं. एक वडापाव खाऊन मी भोसरीची गाडी धरली.

मोशी सोडल्यावर कंपन्यांच्या भिंती सुरू झाल्या त्या संपेचनात. नव्याकोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर, आणि दोन भिंतींच्या मध्ये चुकून राहिलेला कांद्याचा वाफा. तो वाफा बघून मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

कुरुळीच्या थांब्यावर समू कंपनीच्या गणवेशातच उभा होता. केस पिकलेत त्याचे. “दे अक्का, पिशवी,” म्हणाला. मी नुसतं “हं” केलं. मोठं मन उद्यासाठी राखून ठेवलं होतं.

त्याच्या घरमालकीण पार्वताबाई मूळच्या तिथल्याच शेतकरी. त्यांनी पिठलं-भाकरी आणून दिली आणि विचारलं, “तुमचा रविवार बेस्तरवारी येतो व्हय?”

मी चपापले. मग कळलं, की या लोकांच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून उपासनाही गुरुवारी. त्यासाठी पार्वताबाईंनी खालचा गाळा दिलाय.

“चांगली लोकं हायेत,” त्या म्हणाल्या. “बूट वळीनं काढत्यात.”

मी रूथकडे डोळे वटारले. ती शांतपणे म्हणाली, “वन्सं, प्रभूनं ते शेवटचं भोजन गुरुवारीच केलं ना?” चाळीस वर्षांच्या संडेस्कूल बाईनं भाकरीचा पुढचा घास घेतला.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात वीसेक माणसं जमली. उपदेश करणारा बोधक एरवी फोर्कलिफ्ट चालवतो. त्यानं यिर्मया संदेष्ट्याचं वचन काढलं. दगडी पाट्यांवरचा जुना करार लोकांनी मोडला, तेव्हा देवानं नव्या कराराचं वचन दिलं. हा करार तो माणसांच्या हृदयावर लिहील आणि त्यांचं पाप पुन्हा आठवणार नाही. येशूनं तोच करार प्याला पुढे करून आपल्या रक्तानं पक्का केला. मला सगळं पाठ होतं. बोधकाचे उच्चार मनातल्या मनात सुधारत मी बसले होते.

मग तिथली रीत कळली. कंपनीत शिफ्ट बदलताना जाणारा येणाऱ्याला मशीनमध्ये काय बिघाड आहे ते सांगूनच जातो. लपवलं तर पुढच्याचा हात जायचा. तसंच इथे भाकर घेण्याआधी, ज्याच्याशी बिनसलंय त्याच्यासमोर उभं राहून बोलायचं.

हीच माझी वेळ होती. पदर सारखा करून मी समूपुढे उभी राहिले. “समू, तू आईच्या मातीला आला नाहीस, तरीही मी तुला...”

“अक्का,” बोधकानं हळूच थांबवलं, “त्यांच्या मशीनचं ते सांगतील. तुम्ही तुमच्या मशीनचं सांगा.”

मी तशीच जागेवर जाऊन बसू शकले असते. पण समू माझ्याकडे बघत होता, आणि त्या डोळ्यांत राग नव्हता. मला त्याचीच भीती वाटली.

“आई गेली त्या दिवशी मी तुला फोन लावलाच नव्हता,” मी म्हणाले. “तू महिनाभर आईला बघायला आला नव्हतास. त्या रागात लावला नाही. मग सगळ्यांना सांगत सुटले, की लावला होता, तूच उचलला नाहीस.”

“माहीत आहे,” समू म्हणाला. “मिस्ड कॉलच नव्हता त्या दिवशी.”

“मग सहा वर्षं बोलला का नाहीस रे कोणाला?”

“मी इथं होतो, अक्का. गावात तुला राहायचं होतं.”

त्यानं आपल्या भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी सगळ्यांदेखत रडले. स्टीलच्या पेल्यातला द्राक्षरस हातात आला, तो घेऊन मी पेला समूकडे दिला.

दुपारी समूनं मला शिक्रापूरमार्गे जाणाऱ्या योग्य गाडीत बसवून दिलं आणि कंडक्टरलाही दोनदा बजावलं. खिडकीशी बसून मी विचार करत होते. देव पाप आठवत नाही, हे वचन म्हणून दाखवलं की मी मुलांच्या वहीत चांदणी काढून द्यायची. एवढी वर्षं ते दुसऱ्यांसाठीच आहे असं धरून चालले होते. आता ते माझ्यावर आलं, तेव्हा फार जड गेलं.

पण मंडळी, देव विसरतो, तुम्ही विसरत नाही. आणि तुम्ही जे लक्षात ठेवलंय ते खोटं आहे, मीच दिलेलं. म्हणून हा प्रवास लिहून काढला. नाताळला समू येतोय. आईच्या कबरीवर पहिलं फूल तो ठेवील. देवळाच्या दारात कोणाला टोमणा मारायचाच असेल, तर तो मला मारा, मी समूच्या मागेच उभी असेन.