वडापची पुढची सीट

माझा भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत लागला, त्यानंतरची गोष्ट. सुट्टीला आमच्याकडं कोल्हापुरात आला होता. जेवताना सांगू लागला, "मावशी, अमेरिकेत बिनड्रायव्हरच्या गाड्या वाळवंटात पळवून बघतायत. गाडी स्वतःच रस्ता बघते, स्वतःच वळते. आत माणूसच नाही."

"म्हणजे गिअर टाकायला हातही नाही?"

"हात कशाला? दारू पीत नाही, पेंगत नाही, कुणाशी शर्यत लावत नाही. किती चांगलं!"

"फारच चांगलं," मी म्हणाले आणि ताटातला भात बाजूला सारला. मला एक हात आठवला होता.

नव्वदच्या दशकात मी कागलला शाळेत शिकवत होते. सकाळची एसटी कधी यायची, कधी नाही. शाळेची वेळ गाठायची तर वडापची, म्हणजे माणसं कोंबून नेणारी खासगी जीप, दुसरा इलाज नव्हता. त्या जीपचा ड्रायव्हर मोठ्या अदबीनं ओरडायचा, "बाईमाणसाला फुडं बसू द्या की रं!" पुरुष मागं सरकायचे आणि मी त्याच्या शेजारी, गिअरच्या दांड्याला गुडघे टेकवून बसायची. गुटख्यानं तांबूस झालेली बोटं, करंगळीचं मुद्दाम वाढवलेलं नख. तो हात दांड्यावर असायचा आणि दर गिअरला घसरून माझ्या गुडघ्यावर यायचा. सपाट, मोकळ्या हमरस्त्यावरसुद्धा त्याला गिअर बदलावेसे वाटत. मधेच खिडकीतून पिचकारी मारायचा. वाऱ्यानं तिचे शिंतोडे मागच्यांच्या अंगावर जायचे. कुणी काही बोलत नसे.

एकदा मी बोलले. "दांडा तिकडं आहे. हात इकडं कशाला येतो?"

तो आरशात मागच्यांकडं बघत म्हणाला, "बाई, वडाप हाय ही. एवढ्या दाटीत लागायचंच की वाईच."

मागं दोघं-तिघं हसले. एक म्हातारबा म्हणाले, "जाऊ द्या बाई, रोजचं जाणं-येणं हाय." त्या हसण्याची मला हाताइतकीच किळस आली. घरी जाऊन मी साडी धुवायला टाकली, अंघोळ केली, तरी गुडघा आपला वाटेना. दुसऱ्या दिवशी मांडीवर जाडजूड पिशवी घेऊन पुन्हा त्याच जीपमध्ये बसले. नोकरी होती.

त्याच पावसाळ्यात संध्याकाळी कागलहून परत येताना एक कामगार रस्त्यात पडलेला दिसला. सायकल चेपलेली, ट्रक पळून गेलेला. भोवती माणसं उभी होती, पण हात कुणी लावत नव्हतं. पोलिसांचं झेंगट कुणाला हवंय? आमच्यापुढची एसटी त्याला वळसा घालून निघून गेली. आमच्या ड्रायव्हरनं मात्र करकचून ब्रेक दाबला.

"उतरा! सगळी उतरा खाली!"

"आरं, आमी जायचं कसं?" कुणीतरी ओरडलं.

"चालत जावा!" त्यानं एकट्यानं त्या माणसाला उचललं आणि मागच्या बाकावर ठेवलं. मग मला म्हणाला, "बाई, तुमी बसा. डोस्कं धरा हेचं."

मी धरलं. रक्त पदरातून खाली झिरपत होतं आणि तो हॉर्नवरचा हात न काढता कोल्हापूरपर्यंत गाडी हाणत होता. दवाखान्यात त्यानंच उचलून आत नेलं, नातेवाईक येईपर्यंत बाकावर बसून राहिला. माणूस वाचला.

भाच्याला मी एवढंच सांगितलं आणि विचारलं, "तुझी गाडी थांबली असती का रे?"

त्यानं विचार केला. "अडथळा दिसला असता तिला. बाजूनं गेली असती."

"म्हणजे त्या एसटीसारखी."

"हो, पण तुमच्या ड्रायव्हरसारखी माणसं असतात कुठं रोज?" तो म्हणाला. त्याला मी गुडघ्याचं सांगितलं नव्हतं. मावशी भाच्याला काय सांगणार! आणि सांगितलं असतं तर त्यानं दोन्हींतलं एकच खरं धरलं असतं. मला मात्र दोन्ही माहीत होतं.

कारण पुढचंही मी पाहिलं होतं. वडापच्या स्टँडवर लोकांनी ड्रायव्हरला हार घातला, नारळ दिला. तो चारचौघांत सांगत होता, "बाई हुत्या की माझ्यासंगं, त्यास्नी विचारा." मला पुढं बोलावलं. माझ्या तोंडून खरं तेच निघालं, की यानं माणूस वाचवला. टाळ्या वाजल्या.

सोमवारी तो मला बघून ओळखीचं हसला. जीप गावाबाहेर पडली आणि हात आला. आता दांड्यावरून घसरल्याचं निमित्तही नव्हतं. सरळ पिशवीखालून आला आणि हक्कानं तिथंच राहिला. ज्या हातानं ते रक्ताळलेलं शरीर अलगद उचललं होतं, तोच हात.

"थांबव गाडी," मी ओरडले.

"काय झालं बाई? बरं न्हाय काय?"

"थांबव म्हणते ना!"

गोकुळ शिरगावच्या अलीकडं मी उतरले आणि रस्त्याकडेला खरोखरच ओकले. खिडकीतून कुणीतरी हळहळलं, "पित्त झालं असंल." तोंड पुसून वर बघितलं, तर जीप निघायच्या तयारीत होती. मागच्या बाकावरची एक तरुण बाई, कडेवरच्या पोराला सावरत, पुढच्या रिकाम्या जागेवर येऊन बसत होती.

"बसा ताई, ऐसपैस बसा," तो म्हणाला आणि त्यानं पहिला गिअर टाकला.