बिनखोडीचं कुत्रं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी न घडलेल्या गोष्टीसुद्धा सांगतो. माझ्या तोंडून निघालेला साप बारा हातांच्या आत कधी राहिला नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ही गोष्ट फुगवायला जागाच नाही.

साल त्र्याण्णव. मी नागापूरला एमआयडीसीत कामाला. साहेबांची बदली झाली आणि त्यांनी आपलं कुत्रं मला देऊ केलं — टेरियर, पांढरं, कानावर तपकिरी डाग. आपल्या घराला झेपेल का, हे मी कसं ठरवलं असेल? वितीनं मोजून! नाकापासून शेपटीपर्यंत तीन वीत. एवढ्याशा जिवाला जागा ती किती लागणार? बाजाराच्या पिशवीत घालून आणलं घरी.

तीन वीत कसलं — शेपूट असलेला ट्रॅक्टर तो! चार दिवसांत तुळस मुळासकट बाहेर. घुशीच्या मागे लागून न्हाणीची मोरी अशी उकरली की आंघोळीचं पाणी थेट पाताळात. कंपनीचा भोंगा दिवसातून तीनदा वाजे. हा त्यात सूर लावी तो पुढच्या पाळीपर्यंत. पाचव्या दिवशी त्यानं शेजाऱ्यांची कोंबडी मारली. हे ध्यानात ठेवा. पिसं मीच गोळा करून पुरली. बायको म्हणाली, हे राहील नाहीतर मी. मला ठरवायला जरा वेळ लागला, यावरून ती अजून बोलते.

तेव्हा मला अक्का आठवली. माझी थोरली बहीण, श्रीगोंद्याजवळ वस्तीवर एकटी. भावजी गेल्यापासून तिला सोबत म्हणजे बारा कोंबड्या आणि बांधापलीकडची गयाबाई. दोघींचा चहा रोज एकाच चुलीवर — एक दिवस हिच्या, एक दिवस तिच्या.

कुत्रं घेऊन मी तिच्याकडे गेलो. अक्कानं त्याचे लाड केले नाहीत. बैलबाजारात विकणारा जनावराची खोड आधी सांगतो — मारका आहे, बसका आहे. आमच्या वडिलांनी ती कधी लपवली नाही. अक्कानं तेच विचारलं.

"बाळू, खोड काय हाय ती आधी सांग. माझ्या कोंबड्या हायेत."

मला काय आठवत नव्हतं का? पुरलेली पिसं डोळ्यांपुढे होती. मी म्हणालो, "बिनखोडीचं आहे, अक्का."

बस. ना साप, ना बारा हात. आयुष्यात एकदाच मी काही न फुगवता बोललो, आणि ते खोटं. म्हणूनच तिला पटलं.

पंधरा दिवसांनी गेलो, तर बारातल्या चारच कोंबड्या उरलेल्या. टेरियरच्या जबड्याला एक पीस चिकटलेलं. मी कुरवाळल्यासारखं केलं आणि ते रुमालात घेतलं. मग — मनात आठवतानाही इथं मी दरवेळी अडखळतो — मग मी बांधापलीकडे बोट केलं. तिथं गयाबाईचा मोत्या ऊन खात पडला होता. थोराड, काळा, गावठी. त्याच्याकडे बघून कुणीही मान डोलावली असती.

अक्का बांधावर जाऊन नाही नाही ते बोलली. गयाबाई एवढंच म्हणाली, "तुज्याच भाकरीवर वाढलाय त्यो, अक्का."

दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं मोत्याला उसाच्या ट्रॅक्टरवर घालून लांब कुठंतरी सोडलं. उरलेल्या चार कोंबड्या वाचल्या. का? तर टेरियर नाजूक जातीचं आहे, साखळीला बांधून ठेव, असं मी या वेळी अक्काला बजावलं होतं म्हणून. तिला वाटलं, मोत्या गेला म्हणून.

तिनं मला दोघींच्या पायवाटेवर काटी लावायला सांगितली. मी लावली. कोयत्यानं बाभळीच्या फांद्या तोडून, चांगली दाट.

कुत्रं नऊ वर्षं जगलं. माझ्या भावानं बिनखोडीचं जनावर दिलं, असं अक्का येईल त्याला सांगायची. अजून सांगते. गयाबाईही आहे, बांधापलीकडे. दोघी आपापल्या चुलीवर चहा करतात.

गेल्या दिवाळीत मी ती पायवाट पाहायला गेलो. गवतात दिसेनाशी झाली आहे. काटी तर केव्हाच कुजून गेली. कुणीही ये-जा करू शकेल. कुणी करत नाही.