मामांचा डोळा आणि माझी तपकीर

मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला मी सोबत म्हणून निघालो आणि त्यांच्याच शेजारच्या खाटेवर रोगी म्हणून आडवा झालो. असली कामगिरी आमच्या घराण्यात नेहमी माझ्याच वाट्याला येते.

त्याचं झालं असं. मामांचं घर गणपतीपुळ्याच्या अलीकडे एका वाडीत. निघायच्या आदल्या दिवशी अंगणात पोरं काजू भाजत होती. काजूची बी विस्तवात पडली की तिच्या सालातलं तेल जळत उडतं, म्हणून आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा भाजताना तोंड फिरवून बसतं. पण मी पडलो मास्तर. ते तेल नेमकं कुठून उडतं, हे पोरांना दाखवण्यासाठी मी खाली वाकलो. ते तिथूनच उडालं.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून आम्ही रत्नागिरीला पोचलो तेव्हा माझा उजवा डोळा लिंबाएवढा सुजला होता. डॉक्टरांचा दवाखाना म्हणजे बंदराच्या वाटेवरचं एक कौलारू घर. ओटीवर बाकं, माजघरात काळोखी करून भिंतीला टांगलेला अक्षरांचा तक्ता, भिंगांची पेटी, आणि मागे रोग्यांसाठी दोन खाटांची खोली. डॉक्टर मुंबईत शिकून आलेले, वयाने तरुण, पण बोलणं असं की म्हाताऱ्यांनीसुद्धा वचकून असावं.

"पेशंट कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," मामा म्हणाले. "पण आधी ह्यांना बघा. जावई आहेत."

इथे मामांबद्दल सांगायला हवं. माणूस जिभेचा तिखट. गडी, मुलगे, भाऊबंद, गावचे खोत, सगळ्यांना ते जे बोलत ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण जावयाला वाकडा शब्द बोलायचा नाही, हा त्यांचा नेम. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या घरात काय काय फोडलं, सांडलं, हरवलं, तरी त्यांच्या तोंडून "असू दे, जावईबापू" याखेरीज काही निघालं नाही. मला त्या 'असू दे'ची भारी भीती वाटे.

मामांचा डावा डोळा काचबिंदूने कधीच गेला होता. उजव्यात मोतीबिंदू पिकलेला. म्हणजे होता तो हाच एक. आणि त्यांना तो हवा होता कलमांसाठी. हापूसची भेट कलमं ते स्वतः बांधत. रोपाची साल तासायची, झाडाच्या फांदीची तासायची, दोन्ही जखमा तंतोतंत भिडवून केळीच्या वाळक्या सालीने, सोपटाने, आवळायच्या. केसाएवढी फट राहिली तरी कलम जगत नाही. त्या कामाला ते मुलांनाही हात लावू देत नसत. मागच्या पावसात त्यांनी अख्खी एक रांग हापूस समजून शेजारच्या रायवळ आंब्यावर बांधली. घरातल्या सगळ्यांना दिसत होतं. सांगायची छाती कुणालाच झाली नाही. मामांना कळलं तेव्हा ते तडक घरात गेले आणि डॉक्टरांकडे जायचं म्हणाले.

ऑपरेशन झालं. मला ते दिसलं नाही, कारण तोवर माझ्याही डोळ्यांवर पट्टी होती. दुखत होता एक, पण एक हलला की दुसरा हलतो, म्हणून डॉक्टरांनी दोन्ही बांधले. मामांना उताणं निजवून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. मग डॉक्टर दोन खाटांच्या मधे उभे राहून म्हणाले, "मान हलवायची नाही. चावायचं नाही, पेज प्यायची. खोकायचं नाही, हसायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडायचं आणि जीभ टाळूला दाबून धरायची. जखम ताजी आहे. जोराचा झटका बसला तर डोळ्यातला माल बाहेर येईल, आणि मग माझ्या हातात काही नाही."

"जावईबापूंनी हसवलं तर?" मामांनी विचारलं.

"तर त्यांना ओटीवर हलवू."

काळोखात पडून राहणं म्हणजे काय, ते डोळे मिटून कळत नाही. डोळे मिटलेले आपण उघडू शकतो, त्यातच सगळी गंमत असते. पट्टीखालचा काळोख निराळा. तो कपाळावर बसतो. पहिल्यांदा मी आवाज ओळखायचा खेळ केला: हा कंपाउंडरचा खलबत्ता, हा बंदरात आलेल्या आगबोटीचा भोंगा, ही नारळाची झावळी कौलांवर घासतेय. खेळ संपला, दिवस संपेना. खाटेच्या चारी कडा मी हाताने इतक्यांदा चाचपल्या की कंपाउंडर म्हणाला, "मास्तरानू, खाट कुठे जात नाय हो." उठून दोन पावलं टाकावीत तर कशावर आदळू त्याचा नेम नाही, आणि शेजारी मामांचं डोकं. त्या डोक्याच्या धाकाने मी कूससुद्धा जपून बदलत असे.

आणि मला तपकिरीचं व्यसन होतं.

डबी मी उशीच्या अभ्र्यात दडवली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी उकाड्याने जीव नकोसा झाला. डॉक्टर शिडाच्या मचव्याने जयगडला एका रोग्याकडे गेलेले. मामांचा श्वास संथ लागलेला. मी मनाशी विचार केला, आणि आजही सांगतो, विचारात चूक काहीच नव्हती: तपकिरीने शिंक येते ती नवशिक्याला. माझं नाक मुरलेलं. मला ओढून कधी शिंक आलेली नाही. तेव्हा माझ्या डोळ्याला धोका नाही. खोलीत आणखी एक नाक आहे, एवढंच काय ते हिशेबातून निसटलं.

डबीचं झाकण घट्ट होतं. ते निघालं ते एकदम. आणि त्याच घटकेला उकडतंय म्हणून कंपाउंडरने बाहेरून खिडकी ढकलली. दुपारचा खारा वारा भसकन आत आला. डबी हाताला हलकी लागली. मी बोट घालून पाहिलं, तळ लागला.

मग शेजारून ऐकू आलं, "आ..."

"मामा, जीभ! जीभ टाळूला!" मी ओरडलो.

"आ... आ..."

नाकाखाली बोट दाबलं तर शिंक थांबते, हे मला ठाऊक होतं. मी हात पुढे केला आणि तसाच थिजलो. नाक कुठे, डोळा कुठे, मला काय दिसत होतं? माझं बोट त्या पट्टीवर पडलं असतं तर? हात हवेत धरून मी बसलो. तेवढ्यात ती आली. पुरी नाही, मामांनी तिला अर्ध्यावर धरली होती, पण खाट करकरली एवढी आली.

मी डबी मुठीत दडवली.

"जावईबापू," मामा हळू म्हणाले, "आपण तपकीर ओढलीत का?"

"ओढली नाही मामा. सांडली."

"असू दे." मग म्हणाले, "पट्टीखाली काहीतरी ऊन ऊन वाहतंय."

कंपाउंडर धावत आला. पट्टीला हात लावायची त्याची प्राज्ञा नव्हती. "डॉक्टर सांजचे येतील वाऱ्यावर. तवर हलू नका," एवढंच म्हणाला आणि हवा हुंगत बाहेर गेला.

ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. पळून जावं तर वाट दिसत नाही. मामांचं तोंड बघावं तर तेही दिसत नाही. शिव्या खाव्यात तर त्या मिळत नाहीत. एखादी शिवी दिली असती तर मला मोकळा श्वास घेता आला असता. त्याऐवजी ते मधेच विचारीत, "जावईबापू, आपल्याला पाणी हवं का? हाक मारू?" एकदा म्हणाले, "विहिरीजवळच्या झाडाच्या फांद्या यंदा चांगल्या खाली आल्यात. रोपंही वाफ्यात तयार आहेत." मी उशी तोंडात धरली.

सांजेला वारा फिरला तसे डॉक्टर आले. कात्रीचा आवाज, पाण्याचा आवाज, मग भिंगांच्या पेटीच्या झाकणाचा.

"शिंक कशाने आली?" डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. पण मामाच आधी बोलले, "शेजारी मिरच्या कुटत होते."

दाराशी कंपाउंडर खोकला.

"किती बोटं?"

"कुणाची, तुमची?"

"माझी. आणि हसू नका."

"दोन." मामा म्हणाले. "आणि पलीकडे एक पांढरं गाठोडं दिसतंय."

"ते तुमचे जावई."

"असं होय."

जखम थोडी उघडून बुबुळाचा पडदा बाहेर आला होता. डॉक्टरांनी तो कातरला आणि पुन्हा बांधलं. डोळा बहुतेक राहील म्हणाले, पण नजर किती येईल ते चष्मा दिल्यावरच कळेल. मग कंपाउंडर माझ्या खाटेपाशी आला, माझ्या मुठीतली रिकामी डबी काढून घेतली आणि खिडकीबाहेर फेकली. ती कुठेतरी फरशीवर वाजली. त्यानंतर मी तपकिरीला शिवलो नाही.

माझा डोळा लवकर बरा झाला. मामांना महिन्याभराने बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळाला. त्यामागे डोळ्यातली बाहुली वर ओढलेली, थेट काजूच्या बीसारखी. त्या चष्म्यातून ते माझ्याकडे बघत आणि "या, जावईबापू" म्हणत, तेव्हा पट्टीखालचा तो काळोख मला परत आठवे. कलमांविषयी कुणी विचारत नव्हतं, तेही बोलत नव्हते.

आषाढात त्यांचा निरोप आला, एकट्याने यावं. गेलो तर विहिरीजवळ मांडव घालून त्यावर रोपांच्या कुंड्या फांद्यांपर्यंत चढवलेल्या. मामा डोक्यावर इरलं घेऊन झाडाशी उभे. मुलगे लांब ओटीवर बसून बघत होते, जवळ कुणी येत नव्हतं. मामांनी आधी पान चुरगळून नाकाशी धरलं. हापूसच होता. मग फांदी माझ्या हातात दिली. त्यांनी साल तासली, रोपाची जखम फांदीच्या जखमेला लावली, चष्मा तिथे टेकेल इतकं तोंड जवळ नेलं, आणि पाहत राहिले. बराच वेळ. सोपटाचा पहिला वेढा घातला.

माझ्या नाकाला मामांच्या इरल्याचं कुसळ लागत होतं. तपकीर सुटल्यापासून माझं नाक नवशिक्याचं झालं होतं. फांदी जराशी हलली.

"अरे गाढवा, नीट धर की!" मामा खेकसले. "दिसतंय मला. केसभर सरकलं!"

ओटीवरचे मेव्हणे उठून उभे राहिले. मी जीभ टाळूला घट्ट दाबली आणि फांदी धरून राहिलो.