डाव्या पायाचा जुना एक्सरे

"मांडीतून पाय काढावा लागेल," सर्जन म्हणाले आणि फाइलवर पुढच्या मंगळवारची तारीख लिहून मोकळे झाले. माझ्या डाव्या गुडघ्याखालच्या हाडात गाठ होती. तिचा तुकडा एका लॅबने तपासून हाडाचा कॅन्सर असं लिहून दिलं होतं. सहीचा कागद मी तसाच परत सरकवला. म्हटलं, आधी दुसऱ्या कोणाला तरी दाखवते.

नंदनवन वस्तीत घरी पोचले तर काका वाटच पाहत होते. "डॉक्टरवर शंका घेऊन राहिली का वं तू? लय शहाणी झाली." ऐकावे जनाचे, करावे मनाचे म्हणतात, मला तर ऐकायचंही नव्हतं. पाय माझा जाणार होता, काकांचा नाही. वाडीला एका गोदामात मी दिवसभर उभी राहून आलेला माल तपासते. ड्रायव्हर कितीही ओरडो, पेटी उघडून पाहिल्याशिवाय मी सही करत नाही. स्वतःच्या पायाच्या वेळी करणार होते काय?

लॅबमध्ये जाऊन त्या तुकड्याच्या काचेच्या स्लाइड मागितल्या. खिडकीतला माणूस म्हणाला, "काहून पाहिजे? आमच्यावर विश्वास नाही का?"

"विश्वास आहे ना भाऊ. पण डावा पाय मले एकच आहे."

दोन चकरा मारायला लावल्या त्याने. तिसऱ्यांदा मी त्याच्या खिडकीसमोर डबा उघडून जेवायला बसले, तेव्हा कुठे स्लाइड मिळाल्या.

त्या मी ज्या डॉक्टरबाईंकडे नेल्या, त्यांनी सगळी नोकरी हाडांच्या गाठी तपासण्यात काढली होती. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "नुसत्या स्लाइडवरून मी हिला नाव देणार नाही. साधी गाठही अशी दिसते आणि हळू वाढणारा कॅन्सरही. याच पायाचा जुना एक्सरे आहे का?"

होता. चार वर्षांपूर्वी गोदामात घसरून पडले तेव्हा काढलेला. हाड मोडलं नाही, एवढंच तेव्हा सांगितलं होतं. मी घरी येऊन कपाट उपसलं, गाद्या उलथ्या केल्या. बाबा मागावर बसले होते. आमच्या घराण्यात आता विणणारे ते एकटेच उरलेत. त्यांनी हातातला धोटा खाली ठेवला.

"तो मी कापला वं," ते म्हणाले.

लुगड्यावरच्या बुट्ट्यांत सारखं अंतर राहावं म्हणून बाबा माप लावून विणतात. पुठ्ठ्याची मापाची पट्टी लवकर मऊ पडते. एक्सरेची फिल्म टिकते, आणि तिच्यातून खालचं कापडही दिसतं. म्हणून त्यांनी माझ्या पायाच्या पट्ट्या केल्या होत्या. मला इतका राग आला की नको नको ते बोलून गेले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग मागाच्या खुंटीवरची पट्टी काढून खिडकीशी धरली, विणलेलं कापड उजेडात धरून पाहतात तशी. पट्टी उभी, हाडाच्याच रेषेत कापलेली होती. गुडघ्याखाली एक धुरकट डाग दिसत होता.

डॉक्टरबाईंनी ती पट्टी नव्या एक्सरेशेजारी लावली. तिच्या कडेला बाबांनी बुट्ट्यांसाठी पाडलेल्या खाचा होत्या. त्या हसल्या नाहीत. डाग मोजला, पुन्हा मोजला.

"चार वर्षांत होती तेवढीच आहे," त्या म्हणाल्या. "कॅन्सर सहसा इतकी वर्षं गप्प बसत नाही. स्लाइडमध्येही मला तो दिसत नाही. ही साधी गाठ आहे. पाय काढायचा नाही, वर्षाला एक्सरे काढून लक्ष ठेवायचं."

मी तिथेच बसून ढसाढसा रडले, आणि मला अजिबात लाज वाटली नाही. पट्टी बाबांना परत दिली नाही. म्हटलं, आता पुठ्ठाच वापरा.

मंगळवारी सकाळी त्या पहिल्या हॉस्पिटलातून फोन आला. बेड तयार आहे, किती वाजता येता? माझ्यासमोर ट्रक खाली होत होता.

"नाही येत," मी म्हटलं. "कामावर उभी आहे."